जोमाबाबा का चालत नव्हते

“चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, बाबा? एक ते दहामध्ये सांगा,” मी विचारलं.

“तू किती धरून आलीस?” जोमाबाबांनी पलंगावरून उलट विचारलं.

“मी काही धरून आलेली नाही. तुमचा आकडा सांगा.”

“पयला तू बोल.”

आणि ते गप्प झाले. मीही गप्प झाले. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की प्रश्न विचारला की थांबायचं, समोरच्याला बोलायला जागा द्यायची. मी जागा दिली. एवढी दिली की तीत एखादं गोडाऊन उभं राहिलं असतं. भिंतीवरची पाल आमच्याकडे बघून कंटाळली आणि निघून गेली. दाराशी बसून वाल सोलणाऱ्या आजी, म्हणजे बाबांची बायको, सूप रिकामं करून दुसरं घेऊन बसल्या. बाबा छताकडे बघत होते. मी बाबांकडे बघत होते.

हरले मीच. बसायला वेळ त्यांच्याकडे जास्त होता.

चूक माझी नव्हती, ज्यांनी तो प्रश्न मला शिकवला त्यांची होती. वडपे हे हायवेवरचं गाव. तेव्हा तिथे गोडाऊनांची लाट नुकती आली होती. भातशेतीत रातोरात पत्र्याच्या शेडी उगवायच्या. तिथल्या जुन्या माणसांना एक गोष्ट कोणत्याही एमबीएवाल्यापेक्षा पक्की कळत होती. जमिनीच्या बोलणीत पहिला आकडा जो बोलला तो मेला. जोमाबाबा त्यातले उस्ताद. एकदा म्हणे एक शेठ सकाळी येऊन बसला. बाबा बोललेच नाहीत. शेठ स्वतःच भाव सांगत गेला आणि स्वतःच वाढवत गेला. संध्याकाळी घाबरून पळाला तो गाडी तिथेच विसरून, चालत ठाण्याला गेला. हे मला बाबांनीच सांगितलंय, त्यामुळे निम्मं सोडून द्या. आणि तुम्हाला मी सांगतेय, तेव्हा उरलेल्यातलंही निम्मं सोडा. तरी जे राहील ते एका फिजिओथेरपिस्टला लोळवायला पुरेसं होतं.

ती फिजिओथेरपिस्ट मी. राहणारी कामतघरची. भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला. हाडाचं ऑपरेशन झालं, लकवा मारला, गुडघे गेले, की डॉक्टर सही करून मोकळे होतात आणि पुढचं सगळं आमच्यावर येतं. पेशंटला उठवायचं, उभं करायचं, चालवायचं. लोक आम्हाला मालिशवाली म्हणतात. डॉक्टर लोकही म्हणतात, फक्त इंग्रजीत.

जोमाबाबा नव्या बंगल्याच्या बाथरूममध्ये घसरले होते. मोठा मुलगा हरेश यानं ती टाइल कुठून आणली होती कोण जाणे. त्या टाइलवर माशी बसली तरी घसरायची. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. आमच्या हॉस्पिटलचे मोठे हाडांचे डॉक्टर, ज्यांना मी इथे नुसतं सर म्हणते, त्यांनी ऑपरेशन करून खुब्यात नवा गोळा बसवला. काम उत्तम झालं होतं. एक्सरे भिंतीवर फ्रेम करून लावावा असा.

असं ऑपरेशन झालं की माणसाला लगेच उभं करतात. पडून राहिला तर छातीत कफ भरतो, पाठीची कातडी फाटते, पायातली ताकद पाण्यासारखी निघून जाते. तरण्या माणसाची परत येते. म्हाताऱ्याची येईलच असं नाही. बाबांचे टाके निघाले, जखम भरली, पण बाबा उठेनात. मांडी बारीक व्हायला लागली होती. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर तो सुंदर गोळा आणि ते बाबा, दोघांनीही पुन्हा कधी पलंग सोडला नसता. घरच्यांना हे मी फोड करून सांगितलं होतं. बाबांनाही सांगितलं होतं. बाबा “बरा” म्हणाले आणि कूस बदलली.

मग त्यांना मोटिव्हेट करायची लाट आली. हरेश रोज सकाळी पायथ्याशी उभा राहून “बाबा, विल पॉवर” असं ओरडायचा. त्याच्या गळ्यातली चेन एवढी जाड की ती बघूनच बाबांना उठायची ताकद राहत नसेल. धाकट्या मुलानं ट्रेडमिल आणली. ज्या माणसाला उभं राहता येत नाही त्याच्यासाठी पळायचं मशीन. त्यावर पुढे गोधड्या वाळायच्या. पाहुणे येऊन, कोण कोण असं पडून राहून वारलं त्याची यादी वाचायचे आणि चहा पिऊन जायचे. आमचे सर एकदा घरी येऊन गेले. “आजोबा, बी पॉझिटिव्ह,” असं म्हणाले, तेही दारातून, आणि शेवटचं अक्षर त्यांच्या गाडीत बसल्यावर ऐकू आलं.

केसपेपरवर सरांनी लिहिलं, पेशंट नॉट कोऑपरेटिव्ह. आमच्या धंद्यात हे फार सोयीचं वाक्य आहे. ते लिहिलं की डॉक्टरचे हात धुऊन निघतात.

याच सुमारास ट्रस्टनं आम्हाला शहाणं करायला मुंबईहून एक कन्सल्टंट मॅडम बोलावल्या. विषय होता मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. नाव ऐकून मला वाटलं, नोकरीच्या मुलाखतीला टाय कसा बांधायचा ते सांगणार. तसं नव्हतं. साध्या भाषेत सांगते. पेशंटला “करा, करा” म्हणायचं नाही. आपण एका बाजूला ओढलं की तो दुसऱ्या बाजूला ओढतो. म्हणून ओढायचंच नाही. विचारायचं, ऐकायचं, तो जे बोलला ते नीट करून त्यालाच परत ऐकवायचं. माणसाच्या मनात करायचंही असतं आणि नाहीही करायचं असतं. दोन्ही बाजू त्याच्याच तोंडून बाहेर आल्या की तो आपला आपण ठरवतो. त्याच्या तोंडून “करावंसं वाटतं” असं काही निघालं तर त्याला चेंज टॉक म्हणतात. ते निघालं की त्याच्यावर झडप घालायची नाही, मांजरासारखं दबकून बसायचं.

पद्धत चांगली होती. मला राग त्याचाच आला. वाईट असती तर सोडून देता आली असती. पण ती शिकवणाऱ्या बाईंनी दिवसभरात आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. न ओरडता कसं बोलावं हे त्या माइकमधून ओरडून सांगत होत्या. पडद्यावर सूर्योदयाचे फोटो. नंतर रोल प्ले. त्यात सर पेशंट झाले आणि मी थेरपिस्ट. “तुम्हाला काय वाटतं?” असं मी विचारलं, तर पेशंट झालेले सर म्हणाले, “सिस्टर, याचा एक्सरे कुठाय?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोसे खाल्ले. सर्टिफिकेटं मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडीत एका म्हाताऱ्या पॉवरलूमवाल्या चाचांवर प्रयोग केला. त्यांचा खांदा जाम झाला होता आणि ते व्यायाम करायचे नाहीत. “आप क्या चाहते हैं, चाचा?” मी मोठ्यानं विचारलं. उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कान गेलेले. चाचांनी बराच विचार केला. “पहले मशीन बंद करवाओ, फिर बात करेंगे,” ते म्हणाले. ओपीडीत एकही मशीन नव्हतं. सूर्योदयाच्या फोटोत याचं उत्तर कुठे नव्हतं.

आणि मग वडप्याला जोमाबाबांसमोर एक ते दहाच्या आकड्यावर मी तशीच आपटले. पण परत येताना शेअर रिक्षात, तीन जणांच्या सीटवर पाचवी म्हणून बसलेली असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढं दाबलं की काहीतरी बाहेर येतंच. मी बाबांना त्यांचा भाव विचारत होते. तो ते जन्मात सांगणार नव्हते. भाव काढायचा असेल तर माल विकत घ्यायला आलोय असं दाखवायचंच नसतं. त्यांना चालायला लावायचंय हे माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते पुसायला हवं होतं.

पुढच्या वेळी मी गेले ती वॉकरला हातच लावला नाही. बॅगही उघडली नाही. स्टुलावर बसले, आजींच्या सुपातले मूठभर वाल घेऊन सोलायला लागले. बाबा तिरक्या नजरेनं बघत होते. बऱ्याच वेळानं मी सहज विचारलं,

“पडून राहण्यात काय चांगलं आहे, बाबा?”

आजींचे हात थांबले. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पूर्ण बघितलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना पन्नास माणसांनी पडून राहण्यातलं वाईट सांगितलं होतं. चांगलं कोणी विचारलंच नव्हतं.

“दार लोट गो,” ते आजींना म्हणाले.

दार लागलं. मग जे बाहेर आलं ते असं. घरामागं बाबांच्या नावावरचं शेवटचं शेत होतं. बाकीच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली होती. हरेशनं या शेताचीही पार्टी शोधून ठेवली होती. सगळं ठरलं होतं. फक्त बाबांना भिवंडीच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात नेऊन त्यांचा अंगठा घ्यायचा बाकी होता. त्याच्या आदल्या दिवशी बाबा बाथरूममध्ये पडले.

माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते बाबांनी ओळखलं.

“पडलो तो खराच पडलो,” ते म्हणाले. “उठलो न्हाय तो माझ्या मनान्.”

मी म्हटलं, मग सरळ नाही म्हणा की हरेशला. अंगठा तुमचा आहे.

बाबांनी माझी कीव केली. कॉलेज शिकलेल्या माणसांची करतात तशी. “न्हाय बोललो तं भांडन,” ते म्हणाले. “आजारी हाय बोललो तं सेवा.”

आता काळी आई, वाडवडिलांचा घाम वगैरे निघणार, असं मला वाटलं. मी तोंड गंभीर करून तयारही झाले. पण म्हातारा तसल्या बाजारातला नव्हता. “जमीन नावावर हाय तवर सकालचा चा गरम येतो, बाय,” ते म्हणाले. “ज्यांनी सगला दिला त्यांचा मी बगलाय. त्यांना कपपन धुवून घ्यावा लागतो.”

आजींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

अख्ख्या घरात, अख्ख्या हॉस्पिटलात, सूर्योदयवाल्या मॅडमसकट, मोटिव्हेशन नाही म्हणून ज्याच्या नावानं बोंब चालली होती, त्याच्याएवढं मोटिव्हेशन मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नाही. मी तरुण, धडधाकट. मला अर्धा तास एका कुशीवर पडायला सांगा, जमणार नाही. हा माणूस आठवडेच्या आठवडे निव्वळ निश्चयावर पडून होता.

पण ट्रेनिंगप्रमाणे दुसरी बाजूही काढायची असते. मी त्यांचंच म्हणणं त्यांना परत ऐकवलं. थोडं पुढे ढकलून.

“म्हणजे तुम्हाला आता चालायचंच नाहीये.”

बाबा भडकले. कोण बोललं असं, ते म्हणाले. या गावात भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्या ओट्यावर यायच्या. त्यांना आता दोन पोरं बखोटीला धरून संडासात नेऊन बसवतात, आणि एक दाराबाहेर मोबाइलवर गाणी लावून झालं का, झालं का, विचारतो. त्यांना ओट्यावर बसायचं होतं. हायवेवरच्या टपरीवर जायचं होतं. संडासाची कडी आतून लावायची होती. ती कडी सांगताना त्यांचा आवाज जरा हलला, म्हणून ते पुन्हा ओरडले.

मी थांबले. मग म्हटलं, “म्हणजे चालायचं आहे. चाललेलं दिसायला नको.”

बाबा छताकडे बघायला लागले. मला वाटलं, पुन्हा पाल जाईपर्यंत बसावं लागणार. पण नाही.

“आता कशी बोललीस,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमची थेरपी बंद दारामागे सुरू झाली. आजी दाराबाहेर पाट टाकून बसायच्या. त्या दारातून आत जायची हिंमत त्या घरात कोणाची नव्हती. पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसणं, मग उभं राहणं, मग वॉकर धरून कपाटापर्यंत. वॉकर म्हणजे चार पायांची ती अ‍ॅल्युमिनियमची चौकट. तिच्यावर वजन टाकून पाऊल घ्यायचं असतं. नवा गोळा असला की खाली उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, नाहीतर गोळा जागेवरून निघतो. बाबांना उकिडवं न बसता माणूस म्हणून जगता येतं हे पटवायला मला चालणं शिकवण्यापेक्षा जास्त त्रास पडला.

आणि कण्हणं. बाहेर कळू नये म्हणून बाबा प्रत्येक पावलाला असे कण्हायचे की हायवेवरचे ट्रक हळू होत असतील. पाऊल झकास पडायचं आणि तोंडातून “मेलो गो बाय” निघायचं. एकदा मलाच खरं वाटून मी खुर्ची पुढे केली. त्यांनी डोळा मारला.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. हरेशनं सरांकडे तक्रार केली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुम्ही पेशंटला मारता का?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग प्रोग्रेस का नाही? ट्रेनिंगवर ट्रस्टनं एवढा खर्च केला.”

पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं बाहेर सांगायचं नसतं, हे सरांनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी म्हटलं, “वेळ लागतो, सर. तुम्ही एकदा स्वतः तपासून या ना.” मी मनापासून म्हटलं होतं. सरांनी बघितलं असतं तर त्यांना सगळं खरं सांगायला मी आणि बाबा दोघंही बांधलेले होतो. पण वडपे हॉस्पिटलपासून काही मैलांवर होतं आणि सरांच्या मते पेशंट एक्सरेत राहतो. ते म्हणाले, या महिन्यात फरक पडला नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवू.

मी गप्प राहिले. एव्हाना गप्प राहण्याची मला सवय झाली होती.

मग गंमत झाली. थोड्याच दिवसांत हरेश पुन्हा केबिनमध्ये हजर. या वेळी मिठाईचा पुडा घेऊन. सरांनी मलाही आत बोलावलं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की माणूस आजारपणामुळे ऑफिसात येऊच शकत नसेल तर रजिस्ट्रार साहेब घरी येतात. पलंगाशी. कॅमेरा, अंगठ्याचं मशीन, सगळं घेऊन. फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे की पेशंट चालू शकत नाही.

जो माणूस रोज सकाळी विल पॉवर म्हणून ओरडत होता तोच आता बाप चालत नाही याचा कागद मागत होता, आणि आनंदानं मागत होता. “मॅडमनी पण खूप ट्राय केलं,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्यानं मला चक्क माफ केलं होतं.

सर मला म्हणाले, “लिहा, अनएबल टू वॉक.”

“मी नाही लिहिणार, सर. आधी तुम्ही बघा.”

“त्यात काय बघायचंय? मुलगा सांगतोय ना.”

आणि सरांनी स्वतःच लिहिलं. टाके काढल्यापासून ज्या पायाकडे बघितलं नव्हतं त्या पायाबद्दल झोकदार अक्षरात सही ठोकली. वर मिठाईतला मोठा तुकडा उचलला.

आता बाबांना सांगावं की नाही? मी फार विचार केला नाही. त्यांच्या शरीराबद्दल काय लिहिलं गेलंय हे त्यांना कळायलाच हवं होतं. पण कसं सांगायचं याचीही त्या ट्रेनिंगमध्ये रीत होती. आधी विचारायचं, सांगू का. हो म्हणाले तर सांगायचं, मीठमसाला न लावता. मग पुन्हा विचारायचं, तुम्हाला काय वाटतं. मीठमसाल्याशिवाय बोलणं मला किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजा.

“बाबा, एक माहिती आहे. सांगू?”

“सांग.”

“चालू न शकणाऱ्या माणसाकडे रजिस्ट्रार घरी येऊ शकतात. तुम्ही चालू शकत नाही असं सर्टिफिकेट आज सरांनी दिलं.” मी थांबले. “तुम्हाला काय वाटतं?”

कपाटाशी वॉकर धरून उभे असलेले बाबा कण्हायचं विसरले. बाहेरून आजींनी दारावर टकटक केली, आवाज बंद का झाला म्हणून.

“म्हंजे मी पडून ऱ्हायलो तं सायब घरान् येनार.”

“हो.”

“पलंगाजवल चार पोरं, चार सुना. माझा हात धरून मशीनवर ठेवनार.”

मी मान हलवली.

“पडलेल्या मान्साचा अंगठा त्याचा ऱ्हात न्हाय, बाय,” ते म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं. बेडरूमचं दार, पुढे लांबलचक हॉल, हॉलच्या टोकाला उंबरठा. “तवर उंबरठ्यापर्यंत जमंल?”

याला चेंज टॉक म्हणतात. मॅडमच्या स्लाइडवर त्यापुढे एक हसरा चेहरा होता. मला मात्र दुसरंच दिसत होतं. कपाटापर्यंत जाणारा माणूस, आणि तो बंगल्याचा हॉल, त्यावर तीच माशी घसरणारी टाइल. घाई केली आणि ते पुन्हा पडले असते तर पाय गेला, जमीन गेली, आणि माझी नोकरी गेली. मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या नोकरीचं आपण नंतर बघू.

पुढचे दिवस त्यांनी मला दमवलं. मी एक फेरी म्हटलं की ते दुसरी मागायचे. मी बसा म्हटलं की ते माझ्याकडे ट्रेडमिलकडे बघावं तसं बघायचे. कण्हणं मात्र चालूच. पायानं काम, तोंडानं नाटक.

साहेब यायच्या दिवशी माझी नेहमीची दुपारची वेळ होती. मी गेले. हॉलमध्ये खरेदीवाली पार्टी सोफ्यावर बसली होती. सरही आले होते, हरेशनं मटणाचं जेवण सांगितलं होतं म्हणून. साहेबांच्या स्वागताला हरेशनं हॉलभर नवा लाल गालिचा अंथरला होता. वॉकरच्या पायाला गालिच्याची कड लागली की माणूस तोंडावर जातो. बेडरूममध्ये बाबा कडक धोतर, जाकीट, टोपी घालून पलंगावर बसले होते. मी गालिच्याचं सांगितलं. ते म्हणाले, बगू.

बाहेर गाडी लागल्याचा आवाज आला. रजिस्ट्रार साहेब आणि मशीन घेतलेला क्लार्क उंबरठ्याशी आले. हरेश हात जोडून पुढे धावला. “या साहेब, बाबा आत आहेत, झोपूनच असतात.”

आजींनी बेडरूमचं दार उघडलं.

वॉकर पुढे, मग मोडलेला पाय, मग चांगला पाय. वॉकर, पाय, पाय. तोंडातून चकार शब्द नाही. मी एक पाऊल मागे, हात लावायचा नाही पण लांबही राहायचं नाही. तो हॉल त्या दिवशी नाशिकपर्यंत लांब झाला होता. सोफ्यावरची पार्टी उभी राहिली. सरांच्या हातात सरबताचा ग्लास होता, तो हातातच राहिला.

गालिच्याच्या कडेला बाबा थांबले. त्यांनी हरेशकडे बघितलं.

“हा उचल.”

बस, एवढंच. गळ्यात साखळदंड घातलेला, गावात ज्याच्यासमोर माणसं उठून उभी राहतात, तो हरेश खाली वाकला आणि पाहुण्यांसमोर, साहेबांसमोर, तो अख्खा लाल गालिचा स्वतःच्या हातानं गुंडाळत मागं मागं गेला. बाबा त्याच्यामागून टाइलवरून, एकेक पाऊल दाबून, उंबरठ्यापर्यंत आले.

“या सायब,” ते म्हणाले. “बसा. चा घ्या.”

साहेबांनी हातातल्या सर्टिफिकेटकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. “पेशंट कोण?” त्यांनी विचारलं.

“मीच तो.”

“तुम्ही तर चालताय.”

“चालतो ना.”

“मग मला घरी कशाला बोलावलं?” साहेब हरेशवर उखडले. चालणाऱ्यांनी ऑफिसात यायचं, हे घरी येणं न चालणाऱ्यांसाठी असतं, कोणी सही केली या कागदावर, असं बरंच बोलले. मी सरांकडे बघितलं नाही. मला हसू आवरलं नसतं.

“ऑफिसान् येईन ना सायब,” बाबा म्हणाले. “माझ्या पायान् येईन. मना वाटंल तवा.”

साहेब चहा न घेता गेले. पार्टी मटण न खाता गेली. हरेश गुंडाळलेला गालिचा धरून माझ्यासमोर आला. “मॅडम, तुम्ही मला बोलला नाहीत.”

“तुम्हीच म्हणत होतात ना, बाबांना चालवा,” मी म्हटलं.

सरांना मात्र मानलं पाहिजे. सर्टिफिकेटाचा विषय माझ्यासमोर कधी निघाला नाही. रागावलेला साहेब गाडीत बसेपर्यंत ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. गाडी सुटली तसे पुढे आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेल्या मंडळींना सांगितलं की आमच्या हॉस्पिटलच्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग प्रोग्रामचा हा रिझल्ट आहे. पुढे ट्रस्टच्या मीटिंगमध्ये त्यांनी तेच सांगितलं. कन्सल्टंट मॅडमनी बाबांचा वॉकरसकट फोटो मागवून घेतला आणि स्लाइडवर सूर्योदयाच्या जागी लावला. खाली लिहिलं होतं की या ज्येष्ठ नागरिकाला चालण्याचा आनंद पुन्हा गवसला. स्लाइड बघून मी टाळ्या वाजवल्या. समोसे पुन्हा तेच होते, गार.

बाबांनी वॉकर सोडून काठी धरली. टपरीवर जायला लागले. शेत पुढे गेलंच. वडप्यात कुठलं राहिलंय? पण काही वर्षांनी गेलं, बाबा म्हणाले तेव्हा, आणि स्वतःला राहायला खोली व तिला स्वतंत्र दार, असं कागदावर लिहून घेऊन. अंगठा द्यायला ते ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी हरेशला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. बाकी पेशंट मला लग्नाला बोलावतात. बाबांनी मला त्या दिवशी साक्षीला बोलावलं. मला रजा मिळाली नाही.

तेव्हापासून मी माझ्या ज्युनियर पोरींना एकच सांगते. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याला आळशी समजू नका. घरात सगळ्यात जास्त काम कदाचित तोच करत असतो.